कार्मो यंदा व्याली का?

बीर, तिबेटी वसाहत
२ जुलै १९९६

सामदुप,

तू निघालास त्या दिवशी मी घर झाडलं नाही. प्रवासाला गेलेल्याच्या मागे केरसुणी फिरवू नये म्हणतात, म्हणून आमा आणि मी दिवसभर केरातच बसून चहा प्यायलो. एवढं तुझ्यासाठी केलंय, आता तूही तुझं काम नीट कर.

काम तोंडी सांगितलं होतंच. पण बस सुटत होती आणि तू खिडकीतून नुसती मान डोलावत होतास, म्हणजे अर्धंही ऐकलं नसणार. म्हणून पुन्हा लिहिते. घाटातला रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आत अशांगला खाली घेऊन ये. समजूत घाल, भांड, पाया पड, वाटेल ते कर. आमाला पाठचा असा तो एकच भाऊ, आणि साठी उलटली तरी तिकडे वर शेळ्या-याकांमागे धावतोय.

कांग्र्याच्या डॉक्टरांनी मला खोलीबाहेर नेऊन काय सांगितलं ते तुला माहीत आहे. पोटातली गाठ कापण्यापलीकडे गेली आहे. येत्या नव्या वर्षाचा लोसार आमासोबत साजरा झाला तर आपलं नशीब. तिला मी पित्त वाढलंय म्हणून सांगितलंय आणि तिचा विश्वासही बसलाय. अशांगलाही पित्तच सांग. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. इथे येऊन पहिल्या पेल्यालाच तो सगळं ओकून मोकळा होईल. त्याला म्हणावं, थंडीत आम्ही सगळे स्वेटर विकायला नागपूरला जातो, आमा एकटी पडते, तेव्हा सोबतीला या.

आमा स्वतः मात्र ‘माझ्या भावाला, थार्गेला बोलाव’ असं एकदाही म्हणालेली नाही. काल मी कागद काढला तर म्हणाली, “कार्मो यंदा व्याली का, तेवढं विचार.” दर वर्षीचा हाच प्रश्न. तुझ्या जन्माच्या वेळी आमा मरता मरता वाचली, तेव्हा लामांच्या सांगण्यावरून तिच्या नावाने सोडलेली ती ड्री. याकची मादी ती काय, आणि तिचं कौतुक काय! भावाच्या गुडघ्यांची चौकशी नाही, कार्मोच्या बाळंतपणाची आहे.

गरम मोजे पिशवीच्या तळाशी आहेत. आत्ताच घाल, आजारी पडल्यावर नको.

यांगझोम


सुमदोच्या वरचा चराईचा तळ
२६ जुलै १९९६

आचा-ला,

पोचलो. मोजे घातलेत.

लेहपासून इथवर मालाच्या ट्रकमध्ये तांदळाच्या पोत्यांवर बसून आलो. डोकं असं ठणकत होतं की मरण आलं असतं तर उठून जागा दिली असती. ट्रकमधून उतरलो तो थेट ओकायलाच बसलो. अशांग शेजारी येऊन उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, “हा आमच्या घरातला? नीट बघ बाबा, वाटेत बदलला असेल.” मग मला काखेत धरून तंबूत नेलं आणि लोणी-मिठाचा चहा पाजला. तो काही बदलला नाहीये. नाक तेवढं वाऱ्याने आणखी काळं झालंय, आणि बसताना गुडघा धरून ‘आ’ करतो. कोणी बघत असेल तर ‘आ’ करत नाही.

समोरच्या डोंगरापलीकडे आपला देश. मी आलो त्या दिवशी बराच वेळ तिकडे बघत बसलो होतो. अशांग म्हणाला, “काय बघतोस? तिकडचं गवत इथल्यासारखंच आहे. फक्त तिकडे माझी शेळी गेली तर परत येते, मी गेलो तर येत नाही.”

आता कामाचं. तुझं पित्त, सोबत, नागपूर, सगळं सांगून झालं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मला बाहेर नेऊन म्हणाला, “बघ.” मी बघितलं. शेळ्या, मेंढ्या, याक. “कान बघ,” म्हणाला. आचा-ला, निम्म्या कळपाच्या कानात लाल धागे आहेत!

आपल्याला वसाहतीत बसून यातलं काय कळतं! कुणाचं पोर तापाने फणफणलं, कुणाला दिवस राहत नाहीत, कुणाचा मुलगा परदेशी जाता जाता कागदपत्रांत अडकला, की लामा सांगतात, एक जीव सोडा. वसाहतीतला माणूस सोडणार काय, प्रेशर कुकर? मग तो अशांगकडे निरोप धाडतो. अशांग एका शेळीच्या कानात लाल धागा ओवतो, आणि ती शेळी सुटली. म्हणजे आता ती विकायची नाही, कापायची नाही, आपल्या मरणाने मरेपर्यंत चरू द्यायची. बीरमधून, मैनपाटहून, पार कर्नाटकातल्या वसाहतींतून लोकांनी सोडलेले जीव आहेत हे. पुण्य त्यांच्याकडे गेलं, जनावरं अशांगकडे राहिली. त्यातल्या काहींना दात नाहीत. एका मेंढीला दिसत नाही, ती दुसरीच्या शेपटाला तोंड लावून चालते.

लेहचा व्यापारी चांगल्या शेळ्या आज उचलायला तयार आहे. लाल धाग्याला तो हातही लावत नाही, आणि लावू म्हणाला तरी अशांग देणार नाही.

“शेजाऱ्यांकडे ठेवा,” मी म्हणालो.

शेजारी म्हणजे ल्हाकी. नवरा नाही, मुलगे लेहला ट्रक चालवतात, आणि हिची जीभ म्हणजे कातर. ती तिच्या तंबूतूनच ओरडली, “माझ्याकडे माझी लाल कानांची फौज आहे! तोंडात दात नाही, पण खायला तरण्यांच्या पुढे. तुझ्या मामासारखीच!”

आमाला कार्मोचं सांग. मी तिला डोळ्यांनी पाहिली. काळीभोर, कपाळावर पांढरा चांदवा, डोळे मोठे. यंदा व्याली आहे, वासरू ढुसण्या देऊन देऊन दूध पितं आणि तरी आपल्याला उरतं. काल मी प्यायलेला चहा तिच्याच लोण्याचा होता. आमाला म्हणावं, तुझी कार्मो तुझ्यापेक्षा तरणी दिसते.

अशांगचं शेवटचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहितो. “तुझ्या आमाला सांग, कार्मो चरतेय तोवर तिच्या केसालाही धक्का लागायचा नाही. आता हिला टाकून मी कुठे येऊ?”

पुढे काय करू?

सामदुप


बीर
१५ ऑगस्ट १९९६

सामदुप,

तुझं पत्र वाचून दाखवलं. कार्मो व्याली आणि दूध देते इथवर आले आणि आमा हसायला लागली. इतकी हसली की चहा नाकातून आला, मग खोकला, मग पोट धरून पुन्हा हसणं. मी घाबरले. “काय झालं?” तर म्हणे, “काही नाही. सामदुप त्याच्या बापावर गेलाय.” मग डोळे पुसून म्हणाली, “लिही त्याला, कार्मोचं शिंग कसं आहे ते विचार. डाव्या शिंगाचं टोक मोडलं होतं. पडलं का, वाढलं का, ते थार्गेला विचार.” आणि पुन्हा हसली.

तिला हसताना बघून बरं वाटलं, पण खरं सांगू का, मला अशांगचा राग आलाय. सख्खी बहीण इथे दिवसाला दोन घास खाते, परवापासून तेही त्साम्पाच्या पिठाची पेज करून. आणि याला दात पडलेल्या मेंढ्यांची पडलीय. लोकांच्या आजारी पोरांसाठी जीव सोडतोस ना बाबा, मग तुझ्या बहिणीसाठी तो कळप सोड. सगळ्या वसाहतींचं पुण्य याच्याच डोक्यावर का? आपणही त्यातलेच म्हणा. माझ्या बाळंतपणात दोन शेळ्या मीच सोडायला लावल्या होत्या, आणि नंतर एकदाही विचारलं नाही की त्यांचं काय झालं.

आता पित्ताचं नाटक पुरे. त्याला खरं सांग. बहीण लोसारनंतर दिसेल की नाही याची खात्री नाही म्हणावं. तरी नाहीच आला तर तू एकटा परत ये, म्हणजे आमाजवळ तू तरी असशील.

इथे मक्याची कणसं लागलीत. आमा अंगणात बसून माकडं हाकलते. माकडांना शिव्या मात्र अजून जोरात देते.

यांगझोम


सुमदोच्या वर
४ सप्टेंबर १९९६

आचा-ला,

हे पत्र नीट वाच. आधी अशांगचं सांगतो.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी त्याला आमाचा निरोप सांगितला. शिंगाचा. तो छुर्पीचा, वाळलेल्या चीजचा तुकडा चघळत होता, चघळायचा थांबला. “डावं म्हणाली?” “डावं.” “टोक?” “टोक.” “हं,” म्हणाला आणि झोपायला गेला. मी म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी.

सकाळी मी शेण गोळा करायला निघालो तर तळाच्या मागे अशांग कार्मोला दगडी भिंतीशी दाबून धरून उभा. एका हातात करवत. ल्हाकी कार्मोचं डोकं धरून बसलेली आणि दोघं कुजबुजत भांडत होती. “अरे, तिचं डावं की तुझं डावं?” “तिचं डावं!” “मग तू उजवं कापतोयस, येड्या!”

मला पाहून अशांगने करवत अंगातल्या लांब चुब्याच्या आत लपवली. सहा फुटी माणूस, आणि करवत मागून बाहेर आलेली. मी विचारलं, हे काय? ल्हाकी म्हणाली, “सांग आता. तुझी गाय, तुझं शिंग, तूच सांग,” आणि निघून गेली.

तो खाली बसला. कोणी बघत होतं तरी ‘आ’ केलं.

आचा-ला, ही कार्मो कार्मो नाही. खरी कार्मो मी रांगत होतो तेव्हाच, सोडल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, मोठ्या बर्फात गेली. आमा तेव्हा रस्त्याच्या कामावर, बाबा आजारी, तू एवढीशी, मी तिच्या पाठीवर. अशांग म्हणाला, “तिला काय लिहू? तुझ्या नावाचा जीव मेला म्हणून? ती तिथे दगड फोडत होती, पोरा.” त्याने मेलेल्या कार्मोच्या कानातला धागा सोडला आणि तसाच चांदवा असलेल्या दुसऱ्या ड्रीच्या कानात ओवला. आमाला कळवलं, कार्मो व्याली. पुढे ती दुसरीही म्हातारी झाली. मग तिसरी. मधल्या एकीला लांडग्याने नेलं तेव्हा कळपात चांदव्याची नव्हतीच. चांगल्या दोन शेळ्या देऊन त्याने ल्हाकीकडून एक घेतली. म्हणून ल्हाकीला सगळं ठाऊक. ही कितवी ते त्यालाही सांगता येत नाही. धागा मात्र तोच आहे, काळा पडलाय. वरून नवा गुंडाळलाय.

मला हसू आलं. मग मी त्याला खरं सांगितलं. गाठीचं, डॉक्टरांचं, लोसारचं. मला वाटलं आता उठेल आणि सामान बांधेल.

तो म्हणाला, “मग तर मी हलूच शकत नाही.”

मी भांडलो. कळतं तेवढं सगळं बोललो. तो म्हणाला, “तू मला अडाणी समज. पण तीस वर्षं मी हा धागा एका दिवसासाठीही रिकामा ठेवला नाही, आणि तीस वर्षं ती जगली. लामा म्हणाले होते तीन वर्षं काढली तरी पुष्कळ. आता मी खाली यायचं, थंडीत ही मरायची, आणि धागा बदलायला इथे कोणी नाही. मग आचाला, माझ्या थोरल्या बहिणीला काही झालं तर मी कुणाचं तोंड बघू? मला तिला बघायचं नाही असं वाटतं का तुला?” आणि रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदाच बघितलं. मला वाटत होतं तो जनावरांसाठी थांबलाय. तो तिच्यासाठीच थांबलाय, आचा-ला. तिला जगवायचं म्हणून तिच्यापासून लांब बसलाय.

बर्फ लवकर येईल असं सगळे म्हणतायत. तू काहीतरी सुचव.

हे पत्र आमाला वाचून दाखवू नकोस. तिला फक्त सांग, शिंग आहे तसंच आहे.

सामदुप


बीर
२० सप्टेंबर १९९६

थार्गे,

यांगझोम लिहितेय, बोलतेय मी. तिला सांगितलंय, एक शब्द बदलायचा नाही.

तुझ्या भाच्याला पत्र लिहायची अक्कल नाही. ‘वाचून दाखवू नकोस’ हे कुणी शेवटी लिहितं का? ही बिचारी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत आली, करवतीपाशी आम्ही दोघी हसत होतो, मग गाठीपाशी हिचा आवाज गेला. मी म्हटलं, वाच पुढे. आता तोंड लपवून काय करतेस?

गाठ मला माहीत आहे. पित्त झालेल्या बाईला सून-लेकी लोणी खायला देत नाहीत. ही मला रोज लोणी देत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला तेव्हाच कळलं. हिला वाटतं मी फसले. फसू दे म्हटलं, तिला तेवढाच आधार.

आता तुझं. थार्गे, मी कुठे जन्मले रे? वसाहतीत? तुला चालता येत नव्हतं तेव्हा मी आईबरोबर ड्री पिळत होते. ड्री किती वर्षं जगते ते मला तू शिकवणार? वीस. फार जीव असला तर पंचवीस. आणि तुझी कार्मो तिशी उलटून दूध देतेय, व्यातेय, शिंगं फुटतायत तिला! सामदुपने लिहिलं ‘तुझ्यापेक्षा तरणी दिसते’, आणि मला वाटलं आता माझं पोट फुटणार. शिंगाचं मी उगीच विचारलं. कार्मोची दोन्ही शिंगं शेवटपर्यंत धड होती. मला बघायचं होतं, आता तरी कबूल होतोस का. तू करवत काढलीस! आणि तीही उजव्या शिंगाला!

मला पहिल्यापासून माहीत होतं. त्या मोठ्या बर्फात तुमच्याकडे निम्मी जनावरं गेली हे आम्हाला रस्त्यावर ट्रकवाल्यांनीच सांगितलं होतं. पोटुशी ड्री त्यातून वाचली नसणार हे मला कळत होतं. मग तुझं पत्र आलं, कार्मो व्याली. ते पत्र घेऊन मी दगडांच्या ढिगामागे जाऊन रडले. कार्मोसाठी नाही. मला एक भाऊ आहे आणि तो माझ्यासाठी इतकं खोटं बोलतोय, म्हणून. त्या दिवशी मी ठरवलं, जगायचं.

तेव्हापासून दर वर्षी मी विचारते, कार्मो व्याली का. कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुला ‘कसा आहेस’ विचारलं तर तू ‘ठीक’ एवढंच लिहवून घेणार. कार्मोचं विचारलं की तुला दोन कागद भरून खोटं सांगावं लागायचं, त्यात गवत यायचं, पाणी यायचं, लांडगे यायचे, तुझे गुडघे यायचे. मला सगळं कळायचं.

तर आता ऐक. त्या धाग्याने मी जगले असेन. लामांचं मी खोटं म्हणत नाही. पण तो धागा तिच्या कानात होता म्हणून नाही, तू बांधत होतास म्हणून. तू इथे आलास तर तो कुणाच्या कानात आहे याने काही बिघडत नाही. आणि तरीही मी मेले तर मला मरायचंच होतं. कितीदा बदलणार तू मला?

बाकीची लाल कानांची ल्हाकीला सांग. तिला म्हणावं, पुण्य काय एकट्या थार्गेने वाहायचं? प्रत्येक तंबूने थोडी थोडी घ्यावीत. आणि तरी तुझं पाऊल उचलत नसेल तर हे घे. यांगझोम या पाकिटात लाल लोकरीचा धागा घालतेय. माझ्याच स्वेटरचा आहे. हा मी तुझ्या कानात बांधते, थार्गे. आजपासून तू सुटलास. आता तुला कोणी ओझं लादायचं नाही, कोणी बांधून ठेवायचं नाही. आपल्या मरणाने मरेपर्यंत मोकळा चर.

फक्त पहिल्यांदा इकडे चर.

तुझी आचा


लेह
९ ऑक्टोबर १९९६

आचा-ला,

निघालोय. हा कागद आमच्या आधी पोचेल की आम्ही त्याच्या आधी, माहीत नाही.

आमाचं पत्र त्याने मला वाचायला लावलं, मग ल्हाकीला बोलावून पुन्हा वाचायला लावलं. शेवटी ल्हाकी उठली आणि तंबू तंबू हिंडली. काय बोलली कुणास ठाऊक, पण संध्याकाळी लोक लाल कानांच्या शेळ्या न्यायला आले, आणि प्रत्येक जण असा चेहरा करून की आपणच अशांगला केव्हापासून सांगत होतो. आंधळी मेंढी आणि जिच्या शेपटाला ती धरते ती, दोन्ही एकाच घरात गेल्या. कार्मो आणि तिचं वासरू ल्हाकीकडे. अशांगने तिला दहा वेळा सांगितलं, कार्मोला सकाळचं ऊन हवं असतं. ल्हाकी म्हणाली, “तुझ्यापेक्षा जास्त वर्षं मी ड्री राखल्यात. जा आता, नाहीतर तुलाच खुंट्याला बांधीन.”

अशांगने कानातलं पिरोजा जडवलेलं कर्णभूषण काढून कमरेच्या पिशवीत ठेवलंय. कानाच्या भोकात आमाची लाल लोकर घातलीय. लेहच्या बाजारात लोक वळून बघतात. मी म्हटलं, “अशांग, झाकून घ्या जरा.” तो म्हणाला, “का? कुणी विकत घ्यायला आला तर त्याला कळायला नको?”

उद्या सकाळची गाडी आहे. आमाला सांग, अंगणातली माकडं आता आम्ही हाकलू.

सामदुप


बीर
६ एप्रिल १९९७

ल्हाकी,

सामदुप लिहितोय, बोलतोय मी, थार्गे. तुला वाचून दाखवायला मुलगा घरी असेल तेव्हाच हे पाकीट फोड.

आचा गेली. लोसार झाला तिचा. छांगच्या दारूचा थेंब बोटाने ओठांना लावला, तळलेले खाप्से नुसते हातात धरून बसली, आणि त्यानंतर आठवडाभराने सकाळी चहा मागितला तो प्यायला उठलीच नाही. मी शेजारीच होतो. इथली पोरं रडायला लागली, त्यांना मी बाहेर काढलं. रडलं की जाणाऱ्याच्या वाटेवर गारा पडतात, हे यांना कोण शिकवणार? मीही नंतर मक्याच्या शेतात गेलो. तिची वाट चुकू नये एवढ्या लांब गेलो. काल एकोणपन्नास दिवस पूर्ण झाले. दिवे लावले. आता तिची पुढल्या जन्माची वाट झाली असेल.

मी आलो तेव्हापासून रोज सकाळी ती मला विचारायची, “कार्मो व्याली का?” मीही रोज सांगायचो, व्याली. कधी कालवड सांगायचो, कधी गोऱ्हा. एकदा जुळं सांगितलं, तर म्हणाली, “थार्गे, एवढं नको. लोक विश्वास ठेवायचे नाहीत.” यांगझोम ऐकायची आणि कपाळाला हात लावायची. शेवटच्या दिवसांत तिला बोलवत नव्हतं, तेव्हा ती नुसती माझ्या कानातला धागा ओढायची. मी म्हणायचो, व्याली, व्याली.

इथली हवा जड आहे आणि माकडं फार. गुडघा बरा आहे. यांगझोम मला रोज लोणी देते. मी तिला विचारलं, “मलाही गाठ आहे का?” तर रागावली. उन्हाळ्यात सामदुप तिकडे येईल. आचाच्या राखेचे मातीत मिसळून केलेले छोटे स्तूप त्याच्याकडे देतोय. तळाच्या वर, जिथून पलीकडचं गवत दिसतं, त्या कपारीत ठेवा. मी येईन की नाही माहीत नाही. आता मी सुटलेला जीव आहे, मला कुणी हाकलत नाही. इथे अंगणात ऊन चांगलं पडतं.

आता एक काम सांगतो. कार्मोच्या कानातला धागा काढू नकोस. कुणाच्या नावाने म्हणून विचारशील, तर मला माहीत नाही. असू दे. आणि तुझ्याकडे बर्फ झालं, किंवा लांडगा आला, किंवा ती म्हातारी होऊन बसली आणि उठली नाही, तर धागा सोड आणि तुझ्या कळपात चांदव्याची जी असेल तिच्या कानात ओव. नसेल तर माझ्याकडून घेतलेल्या दोन शेळ्या आठव आणि कुठून तरी आण.

मला मात्र यातलं काही कळवू नकोस, ल्हाकी. मला उन्हाळ्यात एकच ओळ पाठव. कार्मो व्याली म्हणून.

थार्गे